लेकीला जंगल जाळायच्या कामावर जाऊ द्यावं का?

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही बरीच वर्षं न्यू जर्सीत आहोत. मुलगी इथेच जन्मली, इथेच वाढली. यंदा तिचं हायस्कूल संपलं. कॉलेजात प्रवेश मिळालाय, पण तो तिने वर्षभर पुढे ढकलून घेतला आणि अमेरिकॉर्प्स या सरकारी सेवा-योजनेच्या पैशांवर चालणाऱ्या एका संवर्धन दलात सेवेसाठी नाव दिलं. मला वाटलं, झाडं लावतील, डोंगरातल्या पायवाटा दुरुस्त करतील. आता कळतंय की उत्तर फ्लोरिडात जंगलाला मुद्दाम आग लावणाऱ्या तुकडीत तिची निवड झालीय.

लहानपणी तिला दम्याचा त्रास होता. हल्ली इन्हेलर क्वचितच लागतो. हे तिने त्या लोकांना सांगितलंय का, असं विचारलं की विषय बदलते. सासूबाई चिपळूणजवळ गावी असतात. तिथे दर उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागतो, एका वर्षी आमची काजूची कलमं त्यात गेली. त्या फोनवर म्हणाल्या, "आम्ही इथे वणवे विझवून थकलो आणि नात तिकडे लावायला चालली?" यांचं म्हणणं, एक वर्ष फुकट. मला तर डोळ्यांसमोर कॅलिफोर्नियाच्या बातम्यांमधल्या आगी दिसतात. रात्री झोप येत नाही. पंधरा दिवसांत तिला होकार कळवायचाय. जाऊ द्यावं का?

एक आई, एडिसन

उत्तर

ताई, आधी दम्याचं बोलू. बाकीचे सगळे प्रश्न त्याच्या मागे उभे आहेत.

या कामात ज्वाळांपेक्षा धूर जास्त वाट्याला येतो. आग लावणारे दोघं-चौघंच असतात. उरलेली मंडळी जाळरेषेवर, म्हणजे आग जिथे थांबायला हवी त्या मोकळ्या केलेल्या पट्ट्यावर, राखण करत उभी असतात. वारा जरा फिरला की सगळा धूर त्यांच्या अंगावर येतो. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, पण जागा सोडता येत नाही, कारण ठिणगी उडून पलीकडे पडायची ती याच बाजूने. तोंडाला बांधलेल्या रुमालाने राख अडते, धुरातले बारीक कण अडत नाहीत. उत्तर फ्लोरिडात मी स्वतः काही हंगाम हे काम केलंय. छाती धडधाकट असलेली मुलंही संध्याकाळी खोकत परत यायची.

इन्हेलर क्वचित लागतो ही चांगलीच गोष्ट आहे, पण तो हिशेब घरच्या हवेतला झाला. तिला फुप्फुसांच्या डॉक्टरांकडे न्या आणि स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची श्वासाची तपासणी, करून घ्या. डॉक्टरांना नुसतं "फ्लोरिडाला चाललीय" असं सांगू नका. आठवड्यातून काही दिवस चार-पाच तास लाकडाच्या आणि गवताच्या धुरात उभं राहायचंय, अंगात जाड कपडे, पाठीवर ओझं, बाहेर दमट उकाडा आणि जवळचं इस्पितळ तासाभराच्या अंतरावर, असं सगळं सविस्तर सांगा. ते नको म्हणाले तर तिथे हुज्जत नको. तसं झालं तरी दल सोडावं लागेलच असं नाही. अशा दलांत बाहेरून आलेल्या वेली उपटणं, गवताचं बी गोळा करणं, पाइनची रोपं लावणं अशीही कामं असतात. जंगलाला त्यांची तितकीच गरज आहे.

ती विषय का बदलते, हे तुम्ही ओळखलं असेलच. निवड रद्द होईल अशी भीती आहे तिला. पण पहिल्या अर्जात दम्याचा उल्लेख केला नसेल तरी काही बिघडलेलं नाही. आगीच्या कामाआधी आरोग्याची प्रश्नावली भरून घेतात, तिथे खरं लिहायचं. तुकडीच्या प्रमुखाला दमा आहे हे माहीत हवं आणि इन्हेलर कुठल्या खिशात आहे हे शेजारच्या सोबत्याला माहीत हवं. धुरात दम लागलेल्या माणसाला पुष्कळदा बोलता येत नाही. ती अठराची झालीय, फॉर्म तिचा आहे, सही तिची. "लपवलंस का?" असं विचारलंत तर ती दार लावून घेईल. "तुला जायचंय ना, मग डॉक्टरांचं पत्र घेऊनच जा" असं म्हणून बघा.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं मनापासून ऐकून घ्या, कारण त्यांच्या डोंगरापुरतं ते पूर्ण बरोबर आहे. सह्याद्रीत लागणाऱ्या बहुतेक आगींमागे माणूसच असतो. जळल्यावर गवत चांगलं येतं असं कुणी समजतो, कुणी शिकारीसाठी पेटवतो, कुणाच्या हातून विडीचं थोटूक पडतं. आग लावणारा लावून निघून जातो. वारा कुठला, उतारावर पुढे काय आहे, कुणाची कलमं आहेत, हे कुणी पाहिलेलं नसतं. वर्षानुवर्षं हेच चाललं की नुकती उगवलेली झाडं वर येतच नाहीत, माती उघडी पडते आणि पहिल्या मोठ्या पावसात वाहून जाते. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम धरतात, म्हणून वनविभाग त्याआधी जाळरेषा काढून घेतो. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या २६ व्या कलमाखाली गुन्हा आहे. पुढे मी फ्लोरिडातल्या आगीबद्दल जे चांगलं सांगणार आहे ते वाचून कुणी गावाकडच्या डोंगराला काडी लावू नये, हे मला इथेच स्पष्ट सांगायचंय. ते जंगल वेगळं, हे वेगळं.

पण सासूबाईंनी दुसरी आगही पाहिलेली असेल. भाताचा तरवा टाकण्याआधी कोकणात राब भाजतात. शेण, कवळं, पातेरा, गवत असे थर रचायचे, वर बारीक माती पसरायची, वारा पाहून पेटवायचं आणि धग सरेपर्यंत कुणीतरी तिथे थांबायचं. नात जे करणार आहे ते वणव्यापेक्षा या भाजावळीच्या जवळचं आहे. फक्त वाफ्याच्या जागी शंभर-दोनशे एकर जंगल असतं. सासूबाईंना हे तुम्ही सांगू नका, नातीला सांगू द्या. आणि त्या कशा भाजायच्या, हे तिने आजीला विचारावं. मला वाटतं, तो फोन लांबेल.

तिथे जंगल का जाळतात, ते तुम्हाला कळलं तर रात्रीची निम्मी भीती तरी उतरेल.

अमेरिकेच्या आग्नेय भागात, व्हर्जिनियापासून पूर्व टेक्सासपर्यंत, एके काळी लाँगलीफ पाइनची जंगलं होती, अंदाजे ९ कोटी एकर. उंच सरळ झाडं, एकमेकांपासून लांब लांब, आणि खाली गुडघाभर गवत. उन्हाळ्याच्या तोंडावर विजा पडायच्या, गवत पेटायचं, आग सरपटत मैलोन्मैल जायची. मूळ रहिवासीही शिकारीसाठी आणि वाटा मोकळ्या ठेवण्यासाठी आग वापरत. दर दोन-तीन वर्षांनी जळायचं आणि त्यातच ते जंगल टिकून होतं. मग लाकडासाठी तोड झाली, शेती आली, आणि विसाव्या शतकात दिसेल ती आग विझवायचं धोरण आलं. सगळं मिळून एवढं नुकसान झालं की गेल्या शतकाच्या अखेरीस जेमतेम ३० लाख एकर उरलं होतं. आग बंद झाल्यावर खाली ओक आणि सॉ पाल्मेटोची झुडपं दाटली, गवत मेलं, काटक्यांचा ढीग वाढत गेला. अशा ठिकाणी एखाद्या कोरड्या वर्षी आग लागली की ती सरपटत नाही, शेंड्यांवर चढते. बातम्यांत तुम्ही जे पाहता त्यातलं बरंचसं, निदान पश्चिमेकडच्या कोरड्या पाइनच्या जंगलांपुरतं, असं वर्षानुवर्षं साठलेलं जळण आहे. कॅलिफोर्नियाच्या झुडपी डोंगरांची आणि तिथल्या वाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी.

लाँगलीफचं रोप एकदा जवळून बघायला हवं. पहिली काही वर्षं ते झाड वाटतच नाही, गवताचा ठोंब वाटतो. खोड जवळपास नसतंच, जमिनीलगत हिरव्या लांब सुयांचा झुपका, आणि त्याच्या मधोमध पांढरट खवल्यांनी झाकलेला एक कोंब. वर काही दिसत नसलं तरी खाली मूळ खोल जात असतं. आग आली की बाहेरच्या सुया टोकापासून जळत येतात, त्यांच्यातल्या ओलाव्याने आच आतपर्यंत पोचत नाही, आणि कोंब वाचतो. जाळणीनंतर काही आठवड्यांनी गेलात तर करपलेल्या झुपक्याच्या मध्यातून नव्या सुया वर आलेल्या असतात. शेजारचं ओकचं रोप जमिनीपर्यंत जळालेलं असतं, म्हणून याला ऊन मिळतं. आणि वायरग्रास नावाचं जे गवत या जंगलाचा पाया आहे, ते उन्हाळी हंगामातल्या जाळणीनंतरच भरभरून फुलतं.

या जंगलावर जगणारेही बरेच आहेत. रेड-कॉकेडेड वुडपेकर हा छोटा सुतारपक्षी जिवंत, म्हाताऱ्या पाइनमध्ये ढोली कोरतो आणि ढोलीभोवती टोचून टोचून डिंक वाहता ठेवतो, म्हणजे साप वर चढत नाही. झुडपं ढोलीइतकी वर आली की तो जागा सोडून जातो. १९७० पासून तो नामशेष होण्याच्या धोक्यातल्या पक्ष्यांत होता. २०२४ मध्ये त्याची श्रेणी एक पायरी सुधारली. ती सुधारणा ज्या कामांनी झाली, त्यात जाळणी हे मोठं काम आहे. गोफर कासवाच्या बिळांत तर साडेतीनशेहून जास्त जातींचे जीव आसरा घेतात. आग वरून निघून जाते आणि साप, बेडूक, उंदीर बिळात सुखरूप राहतात. फ्लोरिडाला हे फार आधी उमगलं. १९९० मध्ये तिथे नियोजित जाळणीसाठी खास कायदा झाला, आणि आज त्या एका राज्यात वर्षाला वीस लाख एकरांच्या आसपास जमिनीवर अशी जाळणी होते. तुमची लेक शिकायला योग्य ठिकाणी चालली आहे, असं माझं मत आहे.

दिवस कसा जातो ते सांगते. जाळणीचा एक लेखी आराखडा असतो. वारा कुठून आणि किती हवा, हवेत ओलावा किती हवा, गवत-काटक्या किती सुकलेल्या हव्यात, धूर कुठे जाईल, त्या दिशेला शाळा, इस्पितळ, महामार्ग आहे का, सगळं त्यात असतं. त्या दिवसाची परवानगी त्याच दिवशी काढावी लागते. सकाळी सगळे गोल उभे राहतात, बर्न बॉस, म्हणजे त्या जाळणीचा प्रमुख, नकाशा दाखवतो, कुणी कुठे, निसटायची वाट कुठली, सुरक्षित जागा कुठली, हे प्रत्येकाकडून वदवून घेतो. मग एका कोपऱ्यात छोटी चाचणीची आग लावतात. ती कशी चालते, धूर वर चढतो की जमिनीला चिकटून राहतो, हे सगळे बघत उभे असतात. तिथेच मन धजावलं नाही तर ती विझवून दिवस संपतो.

सगळं जमलं तर वारा ज्या बाजूला वाहतोय त्या टोकाला, जाळरेषेच्या आतल्या कडेने आग लावतात. त्यामुळे आगीला वाऱ्याच्या विरुद्ध चालावं लागतं. ती हळू, ठेंगणी, कधी कधी घोट्याएवढी असते. ती मागे सरकत काळा पट्टा रुंद करत जाते. तो पुरेसा रुंद झाला की मग आत आणखी ओळी लावतात. हातात ड्रिप टॉर्च असते. डिझेल जास्त, पेट्रोल कमी, अशा मिश्रणाचा डबा, त्याला वळसा दिलेली नळी आणि टोकाला पेटती वात. तिरका धरला की थेंब थेंब आग खाली पडते. नवख्यांच्या हातात ती पहिल्याच दिवशी देत नाहीत, द्यायलाही नको. तुमच्या लेकीचे पहिले बरेच दिवस पाण्याचा पंप, फावडं आणि राखण यातच जातील. तेही शिकणंच आहे.

आणि सगळ्यात कंटाळवाणं, सगळ्यात महत्त्वाचं काम संध्याकाळी असतं. इंग्रजीत मॉप-अप म्हणतात. रेषेजवळचा प्रत्येक ओंडका, प्रत्येक बुंधा उलटा करायचा, पाणी मारायचं, माती कालवायची, हातमोजा काढून हाताची मागची बाजू राखेजवळ न्यायची आणि ऊब लागते का पाहायचं. लागली तर पुन्हा पाणी. दमलेल्या माणसाला हे नको वाटतं. पण २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोत काय झालं बघा. जानेवारीत जाळलेल्या लाकडांच्या ढिगात आग बर्फाखाली धुमसत राहिली आणि एप्रिलमध्ये बाहेर आली. त्याच सुमारास, ६ एप्रिलला, जवळच लावलेली एक नियोजित जाळणी हाताबाहेर गेली. दोन्ही आगी एकत्र झाल्या आणि ३ लाख ४१ हजार एकर जळलं. त्या राज्याच्या नोंदीतला तो सर्वांत मोठा वणवा. त्याआधी २००० च्या मे महिन्यात तिथल्याच बँडलियर नॅशनल मॉन्युमेंटमधली जाळणी निसटली आणि लॉस अलामोसमधल्या चारशेहून जास्त कुटुंबांची घरं गेली.

हे मी तुमच्यापासून लपवणार नाही, कारण उद्या तुम्हाला ते कुठेतरी दिसेलच. २०२२ च्या त्या आगीनंतर यूएस फॉरेस्ट सर्व्हिसने, म्हणजे अमेरिकेच्या वनखात्याने, नव्वद दिवस सगळ्या जाळण्या थांबवल्या. त्या वेळी त्यांनी सांगितलेला आकडा असा: वर्षाला सरासरी ४,५०० जाळण्या, त्यातल्या ९९.८४ टक्के ठरल्याप्रमाणे. म्हणजे वर्षाला सातेक निसटतात. त्यांच्याच चौकशीत असंही पुढे आलं की जमीन वाटली त्यापेक्षा खूप कोरडी होती, आणि ठरलेलं काम पार पाडायचंच, हा दबाव लोकांवर होता.

या शेवटच्या वाक्यावर मी थांबते, कारण तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथेच आहे. आग धोक्याची आहेच. पण ती लावणाऱ्या तुकडीला "आज नाही" म्हणता येतं की नाही, यावर तुमच्या लेकीची सुरक्षितता ठरते. म्हणून तिने होकार देण्याआधी त्या दलाच्या प्रमुखाला फोन करावा आणि पहिला प्रश्न हाच विचारावा: गेल्या हंगामात तुम्ही किती जाळण्या रद्द केल्यात, आणि का? चांगला माणूस या प्रश्नावर खुलतो. वारा फिरला म्हणून, पंप बिघडला म्हणून, एक माणूस कमी होता म्हणून, धूर महामार्गाकडे जाणार होता म्हणून, अशी कारणं तो पटापट सांगेल. "आमच्याकडे सहसा रद्द होत नाही" असं अभिमानाने सांगणाऱ्याच्या हाताखाली मी माझ्या पोरीला पाठवणार नाही.

त्याच फोनवर आणखी थोडं विचारून घ्या. आगीवर जाण्याआधी एस-१३० आणि एस-१९० ही प्राथमिक प्रशिक्षणं होणार का? क्षमतेची चाचणी कुठली? बहुतेक ठिकाणी पाठीवर ४५ पौंड घेऊन तीन मैल ४५ मिनिटांत चालायचं असतं, पळायचं नाही. आगीला न पेटणारा शर्ट-पँट, हेल्मेट, चष्मा, हातमोजे कोण देणार? नव्या मुलांसोबत अनुभवी माणूस कायम असतो का? नको वाटलेलं काम नाकारायची रीत काय आहे? या क्षेत्रात काम नाकारण्याचा अधिकार लिखित आहे, खिशात ठेवायच्या मार्गदर्शक पुस्तिकेत छापलेला आहे. आपल्या घरांत मोठ्यांना नाही म्हणायची सवय मुलांना नसते, मुलींना तर नसतेच. तेव्हा ही गोष्ट तुम्ही तिला स्वतः सांगा. आईने सांगितलेलं जास्त टिकतं.

खरे धोके कुठले, तेही तिला माहीत हवेत. उभं वाळलेलं झाड बुंध्याशी जळून आवाज न करता पडतं, म्हणून चालताना वर बघत चालायचं. जुना बुंधा आतून जळून गेला की जमिनीत राखेने भरलेला खड्डा उरतो. वरून तो सपाट दिसतो, पाय टाकला की आत निखारे. उकाड्याने येणारी ग्लानी. आणि गाडी. दिवसभर राबून रात्री अरुंद रस्त्यावरून ट्रक चालवत परत येणं मला आगीपेक्षा जास्त काळजीचं वाटतं. थकलेल्या दिवशी गाडी कोण चालवतो, हेही विचारा. फ्लोरिडात धूर आणि धुकं एकत्र आलं की रस्ता क्षणात दिसेनासा होतो. २०१२ च्या जानेवारीत गेन्सव्हिलजवळ आय-७५ महामार्गावर अशाच रात्री वणव्याच्या धुरात आणि धुक्यात गाड्या एकमेकींवर आदळून अकरा माणसं गेली. समोर धूर दिसला तर त्यात गाडी घालायची नाही, इतकं पक्कं तिच्या डोक्यात बसवा.

खर्च करायचाच असेल तर बुटांवर करा. पूर्ण चामड्याचे, निदान आठ इंच उंचीचे, खोल खाचांच्या तळव्यांचे. आत्ताच घ्या आणि तिला ते घालून रोज चालायला लावा, नवे बूट तिथे घातले तर पहिल्या आठवड्यात टाचा सोलवटतील. आतले कपडे आणि मोजे सुती किंवा लोकरीचेच. व्यायामाचे ते गुळगुळीत कपडे उष्णतेने वितळून कातडीला चिकटतात. जेवण बऱ्याच दलांत तुकडी मिळून करते. ती शाकाहारी असेल तर कुकर, तूरडाळ, गोडा मसाला बरोबर द्या. माझ्या तुकडीत वरण-भाताचा वार सगळ्यांना आवडायचा.

तुमच्या यजमानांसाठी. अमेरिकॉर्प्सचा भत्ता तुटपुंजा असतो, त्यातून शिल्लक पडेल अशी अपेक्षा नको. पूर्ण वेळ सेवेचे १,७०० तास भरले की शिक्षणासाठी एक रक्कम मिळते. ती त्या वर्षीच्या सर्वांत मोठ्या पेल ग्रँटइतकी (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी मदत) असते, फी किंवा शैक्षणिक कर्जात वळवता येते, आणि वापरली त्या वर्षी तिच्यावर कर लागतो. मधेच मनाने सोडून आली तर मिळत नाही, म्हणून तिचा करार किती तासांचा आहे ते आधी बघा. सव्वीस वर्षांपर्यंत ती तुमच्या आरोग्यविम्यात राहू शकते, पण तो विमा फ्लोरिडातल्या डॉक्टरांकडे चालतो का, हे कंपनीला विचारून घ्या. आणि एक सावधगिरी: २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकॉर्प्सची बरीच अनुदानं अचानक रद्द झाली, कितीतरी मुलांना मुदतीआधी घरी परतावं लागलं. या दलाचे या वर्षाचे पैसे हाती आलेत का, हे विचारण्यात संकोच नको. कॉलेजची जागा वर्षभर राखून ठेवल्याचं पत्रही लेखी असू द्या.

वर्ष फुकट जाईल असं मला मुळीच वाटत नाही. अठराव्या वर्षी वारा ओळखायला शिकणं, नकाशा वाचणं, डझनभर अनोळखी मुलांबरोबर राहणं, दमल्यावरही शेवटचा ओंडका उलटा करणं, हे कुठल्या वर्गात मिळतं? पुढे ती वनशास्त्राकडे गेली तर पाया झाला, संगणकाकडे गेली तरी चालेल.

तर माझं मत: डॉक्टर हो म्हणाले आणि त्या प्रमुखाने पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं, तर जाऊ द्या. दोन्हींपैकी एक जरी अडलं तर त्याच दलात दुसरं काम मागा, किंवा पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा.

जाळणीच्या दिवशी तिचा फोन गाडीत पडलेला असेल, तासन्‌तास उत्तर येणार नाही. त्या वेळी तुम्ही बातम्या उघडून बसाल, म्हणून आधीच ठरवून घ्या. सकाळी "आज जाळणी आहे" असा तिचा एक मेसेज, आणि रात्री गाडीत बसल्यावर "निघालो" असा दुसरा. मधे तुम्ही फोन करायचा नाही. रात्री उशिरापर्यंत काहीच आलं नाही तर कुणाला फोन करायचा, तो तुकडीच्या कार्यालयाचा नंबर ती निघायच्या आधी लिहून घ्या, आणि यजमानांच्याही फोनमध्ये घालून ठेवा.